क्यूबाला जाण्याचं कारण

माझं वय चोपन्न. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी बघतो, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढून पोट भरतो. बीपीची गोळी चालू आहे, डावा गुडघा कुरकुरतो, जिना चढताना मी फोन आल्याचं नाटक करून मधल्या मजल्यावर थांबतो. अशा माणसाने गेल्या वर्षी मनात घेतलं की क्यूबाला जायचं. कशाला, तर सिगार ओढायला. तिथेच बसून ओढायचे आणि तिथूनच चार निवडून आणायचे. पासपोर्ट होता, रजा साठलेली होती. अडचण एकच होती, आईला सांगायचं कसं. माझी आई तीस वर्षं बिड्या वळत होती, आणि ज्या दिवशी तिने ते काम सोडलं त्या दिवसापासून आमच्या घरात तंबाखूचं नावही निघत नाही. तिने हो म्हटल्याशिवाय मी विमानात बसणार नव्हतो, आणि ती हो म्हणेल अशी मला काडीची आशा नव्हती.

हे खूळ मला लावलं एका गोऱ्या साहेबाने. आमच्या नव्या लाईनला मंजुरी द्यायला तो परदेशी कस्टमरकडून आला होता. दोन दिवस त्याने मशीनखाली वाकून वाकून घाण शोधली, तिसऱ्या दिवशी सही केली आणि मला हाताला धरून गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं. खिशातून त्याने ॲल्युमिनियमची एक नळी काढली. मला वाटलं, आता हा नळीचंही माप घ्यायला लावतो. आतून चिरूट निघाला, माझ्या अंगठ्याएवढा जाड. मी तो बिडीसारखा छातीभर ओढला आणि पुढची पाच मिनिटं माणसाच्या अंगातून निघू शकतात तेवढे सगळे आवाज काढले. टपरीवाल्याने न मागता पाण्याचा जग पुढे केला. साहेबाने खुणेने सांगितलं, धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. दुसरा झुरका तसा घेतला. ओल्या मातीचा वास आला, शेंगदाण्याच्या भाजलेल्या टरफलांचा आला, आणि आमच्या चाळीतल्या खोलीला यायचा तो वास आला. तो शेवटचा वास मी धुराबरोबर सोडून दिला आणि साहेबाला इंग्रजीत सांगितलं, व्हेरी गुड.

क्वालिटीच्या माणसाला खूळ लागलं की त्याचं खूळही कॅलिब्रेट होतं. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानातून मी महिन्याला एक चिरूट आणायला लागलो. तो ठेवायला हवाबंद डबा आणला, डब्यात ओला स्पंज ठेवला, स्पंजाशेजारी दमटपणा मोजायचा काटा ठेवला, आणि तो काटा बरोबर दाखवतो का हे कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये नेऊन तपासलं. आमच्या चिखलीच्या फ्लॅटमध्ये उन्हाळ्यात माणसं सुकून जातात, पण माझ्या डब्यात कायम कोकण असायचं. डबा माळ्यावर, मोठ्या पातेल्यांच्या मागे. बायकोला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी कधी एवढा दमटपणा सांभाळला नाही."

ओढायची जागा म्हणजे माझ्या मित्राचं गॅरेज. हा माझा पिंपरीच्या चाळीतला लहानपणचा मित्र, आता चिखलीत टेम्पो दुरुस्त करतो. माझ्या आईला तो मावशी म्हणतो, मी त्याच्या आईला खाला म्हणायचो. रविवारी दुपारी गॅरेजला सुट्टी असते, तेव्हा टायरच्या ढिगावर बसून मी चिरूट ओढायचो आणि तो माझ्याकडे बघत चहा प्यायचा. मी क्यूबाचं काढलं तेव्हा त्याने चहा खाली ठेवला.

"भावा, आमचा माणूस हजला निघाला की सगळी गल्ली हार घेऊन येते," तो म्हणाला. "तू धूर सोडायला निघालास. तुला काय घालायचं गळ्यात, सायलेन्सर?"

मी म्हटलं, थट्टा नको, आपण पद्धतशीर ठरवू. चाकणमध्ये कुठलीही गोष्ट बिघडली की आम्ही व्हाय-व्हाय करतो. म्हणजे एका प्रश्नाला पाच वेळा "का" विचारायचं, पाचव्या "का"ला मूळ कारण हाती लागतं असं आमच्या भिंतीवरच्या पाटीवर लिहिलंय. प्रत्यक्षात तिसऱ्या प्रश्नालाच सगळे दमतात आणि कारण लिहून टाकतात, ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. अठ्ठावीस वर्षांत मी असे इतके कागद पाहिलेत की एखाद्या ऑपरेटरने घरी सुखाने जेवण केलं तरी ते दुर्लक्षच वाटावं.

त्याने एका टेम्पोच्या जॉबकार्डची कोरी बाजू घेतली. पहिला का. क्यूबाला का जायचं? कारण इथे मिळतो तो माल खरा की नकली, कळत नाही. दुसरा का. खराच का पाहिजे? कारण तो हाताने वळलेला असतो, मशीनचा नसतो. तिसरा का. हाताने वळलेला असला तर तुला काय त्याचं?

मी म्हटलं, लिही, ऑपरेटरचं दुर्लक्ष.

"मावशीला सांगितलंस?" त्याने विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"सांगणार आहे."

"व्हय, आणि मी पुढच्या महिन्यात चंद्रावर गॅरेज टाकणार आहे."

बायकोचंही तेच. ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे, तंबाखूने काय काय होतं याची यादी तिला झोपेतही म्हणता येते. ती म्हणाली, "अहो, जायचं तर जा, फुप्फुसं तुमची आहेत. पण आईंना तुम्ही सांगायचं. मी मध्ये पडणार नाही." मग मी धर्माचा आधार शोधला. आम्ही बौद्ध. रविवारी सकाळी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला माझा आवाज हल्ली आपोआप खाली यायचा. एकदा वंदना संपल्यावर मी आमच्या बौद्धाचार्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की पाचवं शील दारूबद्दल आहे, तंबाखूचं त्यात स्पष्ट काही म्हटलेलं नाही ना? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "स्पष्ट विचारायचं असेल तर आधी शर्ट बदलून येत जा," ते म्हणाले. शर्टाला गेल्या रविवारच्या गॅरेजचा वास होता. तेव्हा तथागतांकडूनही आधार मिळाला नाही.

आता आईचं सांगतो, नाहीतर मी तिला एवढा का भीत होतो ते कळायचं नाही.

पिंपरीच्या चाळीत आमची एक खोली. वडील कंपनीत. कंपनी चालू असली की त्यांचा पगार, टाळं लागलं की आईच्या बिड्या, आणि त्या काळात टाळं बरेचदा लागायचं. ठेकेदार तेंदूची पानं, तंबाखू आणि धागा देऊन जायचा. आई सकाळी भिंतीला टेकून बसायची, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखूचा ढीग. पान घे, भर, वळ, तोंड दुमड, धागा गुंडाळ. तिचे हात चालू असायचे आणि डोळे भलतीकडेच. संध्याकाळी ती माल घेऊन ठेकेदाराकडे जायची. तिथे एक तपासनीस बसलेला असायचा. तो तिच्या मालातून मूठ मूठ बिड्या उचलून बाजूला फेकायचा, याचं पान फाटलंय, यात तंबाखू कमी आहे. त्याला म्हणायचे छाट. छाट निघालेली बिडी वळणाऱ्या बाईला परतही मिळायची नाही. ती त्याच्या पोत्यात जायची आणि बाजारात बाकीच्या बिड्यांसारखीच जळायची. आई आजही त्या माणसाला शिव्या देते, आणि त्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही.

मी डिप्लोमा केला, चाकणला नोकरीला लागलो, पेढे वाटले. आईने पेढा हातात घेऊन विचारलं, काम काय करायचं? मी समजावलं, लोक पार्ट बनवतात, मी ते तपासतो, खराब असतील ते बाजूला काढतो. पेढा तिच्या तोंडाशी थांबला. "म्हंजी छाट काढतोस," ती म्हणाली. मी इंजिनिअर झालो, मॅनेजर झालो, मला कंपनीने गाडी दिली, तरी शेजारणींना ती अजून हेच सांगते, की लेक छाट काढायला जातो चाकणला.

यावर मी घरच्यांना खूप वेळा हसवलंय. पण जे सांगायचं टाळतो ते वेगळंच आहे. शाळेतले मित्र घरी यायचे तेव्हा मी ते सूप खाटेखाली सरकवायचो. पुढे पुढे जिन्यावर पावलं वाजली की आईच सरकवायला लागली. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं, तिला सांगावं लागलं नाही. फॉर्मवर आईचा व्यवसाय विचारला की मी लिहायचो, गृहिणी. कंपनीतही तेच. मी परमनंट झालो आणि तिने काम सोडलं, तिचा खोकला मात्र राहिला. तिच्या त्या खोकल्याशेजारी बसून "आई, मी परदेशात तंबाखू ओढायला चाललोय" हे वाक्य कसं म्हणायचं, याची मी तळवडे चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रोज रंगीत तालीम करायचो. त्या चौकात वेळ भरपूर मिळतो, पण एकही तालीम धड झाली नाही.

मग आली बुद्धपौर्णिमा. खिरीसाठी मोठं पातेलं पाहिजे म्हणून बायकोने माळा उघडला. मी कंपनीतून घरी आलो तेव्हा आई हॉलमध्ये जमिनीवर बसली होती, एक पाय लांब केलेला, समोर पेपर पसरलेला. पेपरावर माझा चिरूट होता. सगळ्यात चांगला, प्रमोशनच्या दिवसासाठी राखून ठेवलेला. तिने तो उलगडला होता. पूर्ण. वरचं पान एका बाजूला, त्याखालचं पान दुसऱ्या बाजूला, आतली पानं ओळीने मांडलेली. आमच्या कंपनीत फेल झालेला पार्ट आम्ही असाच कापून टेबलावर मांडतो.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी डबा उघडला नाही. आईंना खालूनच वास आला."

माझ्या हवाबंद डब्याचं सर्टिफिकेट आईच्या नाकाने रद्द केलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं नाक.

"बस हितं," आई म्हणाली. "कुणी वळलंय हे?"

"क्यूबा म्हणून देश आहे. तिथल्या बायकांनी."

"धागा कुठं हाय ह्याला?"

"धागा नसतो. वरच्या पानाला शेवटी डिंक लावतात."

तिने वरचं पान उजेडात धरलं. बोटांत घोळवलं. तिची बोटं आता सांध्यांत सुजलेली असतात, चहाचा कप दोन हातांनी धरते, पण पानावर ती अगदी हलकी पडत होती. "चुरा न्हाई भरला आत. सगळं लांब पान हाय. मुरवलंय बी झ्याक," ती म्हणाली. "ह्या बाईची छाट निघायची न्हाई."

माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीबद्दल ती इतकं चांगलं कधी बोलली नव्हती. मला वाटलं, आज दिवस चांगला आहे, आत्ताच उरकून घ्यावं.

"आई, तिथे जायचं म्हणतोय मी."

"वळायला?"

"बघायला. थोडं ओढायलाही. चार घेऊन येईन."

मी घाईने फोन काढला आणि तिथल्या कारखान्याचा व्हिडिओ लावून दिला. मोठा हॉल, उंच खिडक्या, ओळीने टेबलं, बायका आणि पुरुष बसून चिरूट वळतायत. आईने फोन नाकाजवळ धरला. पहिलं वाक्य होतं, "खुर्च्या हायत व्हय ह्यांना." मग म्हणाली, "आन ह्यो वर बसलेला कोन? मुकादम?"

"नाही. तो वाचून दाखवतो. सकाळी पेपर, दुपारी गोष्टीचं पुस्तक. हात कामात असतात ना, कान मोकळे असतात, म्हणून."

"रोज?"

"रोज."

तिने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. मी खुशीत आलो, माल विकला गेल्यासारखा. मी तिला त्या खिडक्यांबद्दल, पानं कशी वर्षानुवर्षं मुरवतात त्याबद्दल सांगायला लागलो. ती फोनकडेच बघत होती. बघता बघता म्हणाली,

"तू बी बसायचास माझ्या शेजारी. भिंतीकडं तोंड करून. पुस्तक घिऊन."

"अभ्यास असायचा."

"व्हय. पर मनातल्या मनात वाचायचास. मोठ्यानं वाचलं असतंस तर मला बी आलं असतं ऐकू."

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे, इतक्या साधेपणाने ती बोलली. मी म्हटलं, शाळेत मनातच वाचायला सांगायचे. हे खोटं होतं. शाळेत आम्हाला घसा बसेपर्यंत मोठ्याने वाचायला लावायचे. खरं हे होतं, की मोठ्याने वाचलं असतं तर तिने मध्येच काहीतरी विचारलं असतं, आणि मला तिच्याशी बोलायचं नसायचं. तिच्या हाताला, साडीला, केसांना येणारा तो वास मला नकोसा होता, म्हणून तोंड भिंतीकडे. आठवी, नववी, दहावी, सगळं मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून शिकलो आणि त्यातला एक शब्द तिच्या कानावर पडू दिला नाही. मला लाज वाटली. बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा वास घरभर सुटलेला, आणि मी कंपनीच्या बुटांसकट हॉलमध्ये बसून रडलो. आईने पेपरावरची पानं गोळा केली.

"जाऊ का मग?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"जा की. मी काय दावं बांधून ठिवलंय तुला?"

जी परवानगी मागायला मी वर्षभर भीत होतो ती अशी मिळाली, आणि आता मला ती नको होती.

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीतून आलो की तिच्याजवळ बसून पेपर मोठ्याने वाचायला लागलो. पाणी एक दिवसाआड, पुलाचं काम रखडलं, सांगवीत टँकर उलटला. तिने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुरं आता. तवा हात गुतलेलं असायचं, डोकं रिकामं असायचं. आता हात बी रिकामं हायत आन टीव्ही बी हाय. तुझं वाचणं कुठं ऐकत बसू?" आणि तिने रिमोट उचलला. ती बरोबरच बोलत होती. मी पेपराची घडी केली.

रविवारी गॅरेजवर जाऊन सांगितलं, क्यूबा रद्द. मित्राने कारण विचारलं आणि मी त्याला सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ फडक्याने हात पुसले, आधीच स्वच्छ असलेले. मग म्हणाला, "राव, मावशी तुला जा म्हणाली, आणि तू घरी बसून तिला दाखवणार की बघ, मी तुझ्यासाठी नाही गेलो. हे तिच्या कुठल्या कामाचं?" मी घरी येऊन आईलाही सांगितलं, की जात नाही. ती चिडली. खरंच चिडली, खोकला येईपर्यंत.

"माझ्या नावावर नगं ढकलू. जायचं नसंल तर भ्या वाटतंया म्हन." तिने पाणी पिऊन घेतलं. "आन गेलास तर तिथं बी भिंतीकडं तोंड करून बसू नगंस. बाईच्या समोर बस. हात कसा फिरतोय त्यो नीट बघ. आन इचारून ये, काय काय वाचून दावत्यात ते."

कंपनीत परदेशी जायचं असेल तर रजेचा वेगळा फॉर्म असतो, त्यात कारणाचा रकाना असतो. लोक तिथे डोळे मिटून पर्यटन लिहितात. मीही ते लिहिलं, खोडलं, आणि लिहिलं, आईच्या कामातली माणसं बघायला. दुपारी एचआरच्या साहेबाने बोलावून घेतलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सभ्य मुलगा. फॉर्म त्याच्यासमोर होता.

"सर, हे सिस्टीममध्ये बसणार नाही, मी पर्यटन टाकतो," तो म्हणाला. मग त्यालाच कुतूहल वाटलं. "आई कुठल्या कंपनीत होत्या?"

आमच्या पट्ट्यात कोणाचीही ओळख याच प्रश्नाने निघते, त्याचं काही चुकलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत या इमारतीत मला हा प्रश्न अनेकांनी विचारला होता आणि प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं होतं.

"कंपनीत नाही," मी म्हटलं. "घरी. बिड्या वळायची. मी शेजारीच बसलेला असायचो."